वाढीव एक पूर्णांक दोन ग्रॅम

१

शनिवारी संध्याकाळी ती गाडी बरोबर एकशे चाळीस ग्रॅम भरली होती. रात्रभर ती कुलूपबंद कपाटात होती. रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुखदेव कांबळेने ती पुन्हा काट्यावर ठेवली, तेव्हा काट्याने आकडा दाखवला एकशे एक्केचाळीस पूर्णांक दोन.

सुखदेवने गाडी उचलली. काटा शून्यावर आला. गाडी परत ठेवली. पुन्हा तेच.

"क्रमांक सात, मैत्री भालेराव," तो म्हणाला. "एक पूर्णांक दोन ग्रॅम जादा."

गार्चिंग या जर्मन गावातल्या क्लबच्या त्या हॉलमध्ये बुद्ध पौर्णिमेसाठी साठेक माणसं जमली होती. वंदना झाली होती, खीर व्हायची होती, आणि मधल्या वेळात मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत होती. इथल्या मराठी माणसांच्या मंडळात ही शर्यत सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अमेरिकन सहकाऱ्यामुळे शिरली. प्रत्येक मुलाला पाइनचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आसांसाठी चार खिळे मिळत. ठोकळा कोरून गाडी करायची आणि उतारावरून सोडायची. इंजिन नाही, ढकलणं नाही, वजन एकशे चाळीस ग्रॅमच्या वर नाही. पहिला येणारा जूनमध्ये फ्रँकफर्टला जाई, तिथल्या आणि कोलोनच्या मुलांशी लढायला.

मंडळातले निम्मे बाप मोटारींच्या कंपन्यांत इंजिनिअर. त्यामुळे पहिल्या वर्षी शर्यत मुलांची कमी आणि बापांचीच जास्त झाली. तेव्हापासून नियम कडक होता. गाडी मुलानेच करायची. बापाचा हात लागल्याचं दिसलं, की गाडी बाद आणि पुढची दोन वर्षं बंदी.

अकरा वर्षांची मैत्री काट्याकडे टक लावून बघत होती. तिच्यामागे तिची आजी उभी होती. अरुणा वाघमारे तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आल्या होत्या, आणि त्यातले सात आठवडे त्यांनी नातीला एक ठोकळा घासताना बघण्यात घालवले होते.

"जादा कसं?" मैत्रीचा बाप केतन पुढे आला. "काल तुम्हीच मोजलं, सुखदेवभाऊ. एकशे चाळीस पूर्णांक शून्य."

"मोजलं. लिहिलंय."

"मग?"

उत्तर विलास पाटोळेने दिलं. त्याचा मुलगा उज्ज्वल गेल्या वर्षीचा विजेता. "मग काय, केतन. काल रात्री कुणीतरी मागच्या बाजूला थोडं टंगस्टन भरलं. मागे वजन जास्त म्हणजे वेग जास्त, हे तुला मी सांगायला नको. सकाळी पुन्हा वजन होणार हे कुणाला माहीत नव्हतं, यंदा पहिल्यांदाच होतंय. गेनाऊ, बरोबर त्याच्यासाठीच मी ते मागितलं होतं."

"कपाटाला कुलूप होतं," सुखदेव म्हणाला.

"होतं ना. पण काल शेवटी खुर्च्या लावायला कोण थांबलं होतं? आणि तुमच्याकडून दहा मिनिटं किल्ली कोणी घेतली होती?"

सगळ्यांनी केतनकडे बघितलं, आणि केतनने जमिनीकडे.

२

"शर्यत साडेअकराला आहे ना?" अरुणाताईंनी विचारलं.

"हो, काकू."

"मला पाऊण तास द्या."

सुखदेवने चष्म्यावरून बघितलं. अरुणाताई महाराष्ट्र शासनाच्या वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या, हे त्याला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी भाजीबाजारापासून पेट्रोल पंपापर्यंत काटे तपासले होते. तळाला मेण लावलेली मापं त्यांनी पकडली होती आणि खोट्या तक्रारीत अडकलेले दुकानदार सोडवलेही होते. त्यांची लेक प्राची हे सांगायला पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"आधी काटा," त्या म्हणाल्या. "ज्यांच्याकडे दोन युरोचं नाणं असेल त्यांनी द्या. परत मिळेल."

"नाणं कशाला, काकू?" विलासने विचारलं.

"दोन युरोचं नाणं साडेआठ ग्रॅमचं. कुठल्याही मुलखात गेले की मी नाण्यांची वजनं आधी बघून ठेवते. दुसरे लोक प्रेक्षणीय स्थळं बघतात."

सोळा नाणी जमली. ती एकावर एक रचली. सोळा गुणिले साडेआठ, एकशे छत्तीस. काट्याने एकशे छत्तीस पूर्णांक शून्य दाखवलं. अरुणाताईंनी काटा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला, तिथेही तेच.

"काटा खरा बोलतोय," त्या म्हणाल्या. विलासच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. केतनच्या चेहऱ्यावरून उरलासुरला रंगही गेला, कारण काटा चुकलेला असावा ही त्याची एकमेव आशा होती.

मग त्यांनी गाडी हातात घेतली. बोटभर जाडीची, नाकाकडे निमुळती होत गेलेली पाचर. रंग नाही, वार्निश नाही, नुसतं कोरं लाकूड, पण असं घासलेलं की बोट सरकत जावं. चार चाकांपैकी पुढचं एक केसभर वर उचललेलं होतं, म्हणजे तीनच चाकांचं घर्षण. पोटाला, मागच्या आसाच्या जरा पुढे, वजनासाठी टंगस्टन, तो जड धातू, भरलेलं भोक. त्यावर सुखदेवची कागदी चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर त्याची निळ्या शाईतली सही. शनिवारी त्याने सगळ्याच गाड्यांना ती लावली होती.

"सही तुमचीच?"

सुखदेवने भिंग काढलं. सही सलग होती, शाईची रेघ पट्टीवरून लाकडावर कुठेही न तुटता उतरली होती. पट्टी उचलून परत लावली असती तर रेघ जुळली नसती.

"म्हणजे भोक कुणी उघडलेलं नाही," अरुणाताई म्हणाल्या. "दुसरं भोक कुठे दिसतंय का, विलासराव? तुम्ही शोधा. तुमचे डोळे तरुण आहेत."

विलासने गाडी उलटीपालटी केली, नखाने ठोकून बघितली, दिव्यासमोर धरली. भोक नव्हतं.

"मग वजन आलं कुठून?" त्याने शेवटी विचारलं. या वेळी त्याचा आवाज आरोप करणाऱ्याचा नव्हता. तो खरोखर विचारत होता.

अरुणाताईंचं लक्ष मात्र पट्टीच्या कडांवर होतं. चारही कोपरे किंचित वर वळले होते.

३

किल्ल्या दोन. एक सुखदेवकडे आणि एक शोभना गजभियेकडे. मंचावरची कापडं, मेणबत्त्या आणि फुलदाण्या तिच्या ताब्यात असत.

अरुणाताईंनी केतनला आधी बाहेर नेलं. पायऱ्यांवर गार वारा होता. जावयाला असे प्रश्न विचारायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

"केतनराव, दहा मिनिटं किल्ली कशाला घेतली होती?"

"काटा कपाटातल्या खणात ठेवायचा होता, आई."

"त्याला एक मिनिट लागतं."

केतन एका कंपनीत ब्रेकवर काम करणारा माणूस, मोजून बोलणारा. "मी गाडी बघितली," तो म्हणाला. "हात नाही लावला, शपथ घेतो. सात आठवडे मैत्री मला खोलीत येऊ देत नव्हती. बाबा, राउस, बाहेर व्हा. नियम आहे. बरोबर आहे तिचं. पण मला बघायची होती. मोबाइलचा दिवा लावला आणि खाली वाकून बघत बसलो. तो आस बघितलात तुम्ही, आई? खिळ्याच्या डोक्याखालची खरखर घासून काढलीय. आमच्याकडे नव्या पोरांना हे सांगून कळत नाही."

"मग तिथे आत का नाही सांगितलंत?"

"कोण विश्वास ठेवेल? माणूस दहा मिनिटं नुसती खेळण्यातली गाडी बघत बसला म्हणून."

अरुणाताईंनी विश्वास ठेवला, पण वहीत नोंद होईल असा पुरावा तो नव्हता.

विलासशी बोलणं लवकर संपलं. तोही शनिवारी जॅकेट विसरला म्हणून परत आला होता, पण दार बंद झालं होतं आणि हाउसमाइस्टरने, म्हणजे हॉलची देखभाल करणाऱ्या गृहस्थाने, त्याला जॅकेट खिडकीतून दिलं होतं. "मी तोंडावर बोललो, काकू," तो म्हणाला. "पाठीमागून काही करायचं असतं तर तोंडावर बोललो नसतो. माझ्या पोराने पण मेहनत केलीय."

"केलीय. त्याच्या गाडीचा रंग बघितला मी. पाच हात दिलेत."

"सात," विलास म्हणाला, आणि मग आपण भांडायला आलो होतो हे त्याला आठवलं.

शोभना स्वयंपाकघरात खिरीवर वेलदोड्याची पूड टाकत होती.

"आज सकाळी कपाट उघडलंस का गं, शोभना?"

"नाही हो, ताई." तिने वर बघितलं नाही. "सुखदेवभाऊंनी सांगितलं होतं, दहाच्या आधी कुणी उघडायचं नाही. मी कशाला उघडू?"

"बरं."

"ते नियमांचे किती पक्के आहेत तुम्हाला माहीत नाही." तिने तीच पूड पुन्हा एकदा टाकली. वेलदोडा आता दुप्पट झाला होता.

अरुणाताई परत हॉलमध्ये आल्या आणि मंचापाशी थांबल्या. मंचावर बुद्धमूर्तीखाली पांढरं शुभ्र कापड होतं, कडक इस्त्रीचं. सकाळी फूल वाहताना त्यांचा हात त्याला लागला होता आणि बोटांना गार वाटलं होतं. तेव्हा त्यांनी त्याचा विचार केला नव्हता. आता त्यांनी कापडाची घडी घातलेली कड दोन बोटांत धरली. वर इस्त्रीने वाळलेलं होतं, पण घडीच्या आत अजून ओल होती.

तिथून त्या सरळ कपाटाकडे गेल्या आणि उघड्या दारातून आत हात घातला. मग नाक. आत कपडे धुवायच्या साबणाचा वास येत होता.

४

"सुखदेवराव, सकाळचं वजन दाखवा."

सुखदेवने वही उघडली. बारा गाड्या, दोन रकाने. शनिवारच्या रकान्यात आकडे होते, दशांशासकट, रेखीव. रविवारच्या रकान्यात अकरा टिकमार्क आणि एक फुली.

"हा टिकमार्क किती ग्रॅमचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी क्रमांक एक किती भरली?"

"एकशे चाळीसच्या आत होती, काकू. पास झाली म्हणून टिक केलं."

"आमच्याकडे नवीन शिपाई असं करायचे," अरुणाताई म्हणाल्या, अगदी हळू आवाजात. "टिकमार्क म्हणजे मोजणं नव्हे. पुन्हा मोजू या सगळ्या. आणि आकडा लिहा."

सुखदेवचे कान लाल झाले, पण त्याने मोजलं, आणि अरुणाताईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. उज्ज्वलची गाडी काल एकशे एकोणचाळीस पूर्णांक आठ होती, आज पूर्णांक नऊ. क्रमांक दोन, एक दशांश वाढली. क्रमांक तीन, कालच्याएवढीच. क्रमांक अकरा एका सहा वर्षांच्या पोराची, रंगच न दिलेली. काल एकशे एकवीस पूर्णांक चार, आज एकशे एकवीस पूर्णांक आठ.

बाराव्या गाडीपर्यंत हॉलमधली सगळी माणसं टेबलाभोवती आली होती.

"एकही गाडी हलकी झाली नाही," अरुणाताई म्हणाल्या. "रंगवलेल्या गाड्या जराशा वाढल्या, किंवा तशाच राहिल्या. कोरी गाडी जास्त वाढली. विलासराव, लबाडी करणारा माणूस एका गाडीत वजन घालतो. सगळ्यांच्या गाड्यांत थोडं थोडं वाटत नाही."

विलास वहीकडे बघत होता. त्याच्या भुवया जवळ आल्या. इंजिनिअरच तो.

"पाणी," त्याने स्वतःशीच म्हटलं. "हवेतली ओल. लाकूड पितं."

"शोभना," अरुणाताईंनी हाक मारली. "खिरीला आता पुरे वेलदोडा झाला. इकडे ये."

शोभना पदर सावरत आली आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागली. त्यांच्या इमारतीत कपडे धुवायच्या तळघराची पाळी ठरलेली. तिची पाळी शनिवारी पाच वाजता, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. मंचाचं कापड तेव्हाच धुतलं, ओलंच पिशवीत घालून आणलं, हॉलमध्ये खुर्च्यांवर वाळत घालायचं ठरवलं. पण हाउसमाइस्टरने भिंतीवरची नियमावली दाखवली, हॉलमध्ये रात्री काही वाळत ठेवायचं नाही. तो दिवे घालवत होता. तिने कापड पिळलं आणि कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं.

"सकाळी सातला येऊन काढलं, इस्त्री केली," ती म्हणाली. "गाड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पण कपाट उघडायचं नाही असं भाऊंनी बजावलं होतं ना. म्हणून नाही म्हणाले."

"अहो, पण मला सांगायचं," सुखदेव म्हणाला.

"तुम्हाला सांगायचं म्हणजे अर्ज करावा लागतो, भाऊ."

कुणीतरी हसलं. हवा जरा सैल झाली. पण विलासने वहीवर बोट ठेवलं होतं, क्रमांक अकराच्या ओळीवर.

"थांबा," तो म्हणाला. "कोरी गाडी चार दशांश वाढली. मैत्रीची पण कोरी, आणि तीही त्याच कपाटात होती. मग तिची तिप्पट का वाढली?"

सुखदेवने घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. या प्रश्नाचं उत्तर हॉलमध्ये एकीलाच माहीत होतं, आणि ती अकरा वर्षांची मुलगी ओठ घट्ट मिटून उभी होती.

५

अरुणाताई नातीला घेऊन कोटांच्या खुंट्यांपाशी गेल्या.

"मी काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "मला काय दिसलं ते सांगते. दोन आठवड्यांपूर्वी मी ओव्हनमध्ये नानकटाई केली. चव टर्पेंटाइनसारखी लागली, पाइनच्या राळेसारखी. तुझा बाबा म्हणाला, तूप जर्मन आहे म्हणून. मी गप्प बसले. मग माझ्या नव्या चपलांच्या खोक्यातल्या त्या पुड्या गेल्या, ओल शोषतात त्या. आणि काल तू गाडी फ्रीजरच्या पिशवीत घालून आणलीस, हवा काढून, मासा आणावा तशी. त्या पिशवीत माझ्या पुड्या होत्या."

मैत्रीने मान खाली घातली. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर जर्मनमधून यायचं, आणि ते आजीला कळेल इतकं सोपं करून.

"मामा श्लेग्ट मिश," ती म्हणाली. आई मारेल.

"तुझ्या आईने आजवर कुणाला मारलेलं मला माहीत नाही. पण ओव्हनला एकटीने हात लावायचा नाही, हा नियम आहे, हो ना?"

"या," ती म्हणाली. म्हणजे हो.

"आता दोन गोष्टी आहेत. गप्प राहिलीस तर तो नियम मोडल्याचं कुणाला कळणार नाही. आणि सगळे म्हणतील, बाबाने केलं. बोललीस तर घरी बोलणी बसतील, पण गाडी तुझी राहील. मी सांगू शकते तुझ्या वतीने. पण ती माझी गाडी नाही."

मैत्रीने दप्तरातून एक चौकडीची वही काढली आणि टेबलाकडे चालू लागली.

ती जर्मनमध्ये बोलली, आणि प्राची शेजारी उभी राहून मोठ्यांसाठी मराठीत सांगत गेली. आधी प्राचीचा आवाज आईचा होता. हळूहळू तो संशोधन संस्थेत काम करणाऱ्या बाईचा झाला.

वहीत चौदा प्रयोग होते. दर प्रयोगात एकच गोष्ट बदललेली, कारण आजीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, वजन बदलायचं की काटा, एका वेळी एकच. चौथा प्रयोग, आस टूथपेस्टने घासले. सहावा, एक चाक उचललं. सातवा, टंगस्टन मागे सरकवलं, दोन सेंटिमीटर. गाडी फार मागे जड झाली, नाक उडालं. परत एक सेंटिमीटर पुढे. नववा प्रयोग लाल पेनाने लिहिला होता.

"लाकूड जितकं हलकं, तितकं टंगस्टन जास्त घालता येतं, आणि ते हवं तिथे, मागे," प्राची सांगत होती. "पण लाकूड अजून कोरलं तर मोडतं. मग तिने विचार केला, की लाकडात अजून काय आहे? पाणी. चाकं काढून ओव्हनमध्ये ठेवलं, एकशे पाच अंश, तीन तास." ती थांबली आणि लेकीकडे वळली. "एकशे पाच का?"

मैत्रीने सांगितलं.

"पाणी शंभरला उकळतं," प्राचीने भाषांतर केलं. "म्हणून. वर पाच जास्तीचे."

"किती हलकं झालं?" हे विलासने विचारलं.

"अठ्ठेचाळीसवरून त्रेचाळीस पूर्णांक नऊ. चार पूर्णांक एक ग्रॅम. तेवढं टंगस्टन मागे गेलं. रंग दिला नाही, कारण रंगालाही वजन असतं."

"म्हणजे हाडासारखं कोरडं लाकूड," विलास म्हणाला, "पिशवीतून काढलं आणि थेट ओल्या कपाटात." तो जरा हसला. "तहानलेलं होतं ते."

"सिद्ध करायला हवं," सुखदेव म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण वहीत फुली होती आणि फुली अशी खोडता येत नाही.

"हेअर ड्रायर," अरुणाताई म्हणाल्या. "कोमट वारा, गरम नको, चाकं प्लास्टिकची आहेत. पट्टी तशीच राहू दे. गाडी तुम्हीच धरा, सुखदेवराव, आमच्या घरातलं कुणी हात लावणार नाही. पाणी असेल तर जाईल. टंगस्टन असेल तर राहील. टंगस्टन वाऱ्याने उडत नाही."

ड्रायर स्वच्छतागृहात होता. सुखदेवने गाडी दोन बोटांत धरली आणि साठ माणसं एका हेअर ड्रायरचा आवाज ऐकत उभी राहिली. पाच मिनिटांनी एकशे एक्केचाळीस पूर्णांक शून्य. दहा मिनिटांनी एकशे चाळीस पूर्णांक सात. वीस मिनिटांनी एकशे चाळीस पूर्णांक चार. पट्टीवरची सही जागच्या जागी.

विलासने केतनकडे बघितलं. "सॉरी, यार."

"असू दे. मीही तेच म्हटलं असतं."

सुखदेवने फुली खोडली, शेजारी आकडा लिहिला, आणि मग घसा साफ केला. "पाणी होतं हे मान्य. पण आत्ता अजूनही चार दशांश जास्त आहे. आणि साडेअकरा वाजलेत. पाच मिनिटं देतो. मुलीने कमी करायचं, मुलीनेच."

केतनने न राहवून बोट दाखवलं. "भोकातलं टंगस्टन, जरासं..."

"नाइन, बाबा," मैत्री म्हणाली, म्हणजे नाही. आणि मग, सगळ्यांना कळावं म्हणून, मराठीत, अडखळत, "मागून नाही. पुढून. मागचं वजन पळवतं."

केतनने हात मागे घेतला आणि पाठीशी बांधून ठेवला. विलास पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "बापाने केलेली गाडी असती तर बापाला हे माहीत असतं." हॉल हसला, आणि सगळ्यांत जास्त केतन.

तिने कानस घेतली, नाकाच्या खालच्या बाजूने लाकूड घासलं, फुंकर मारली, काट्यावर ठेवलं. एकशे चाळीस पूर्णांक एक. पुन्हा घासलं. एकशे एकोणचाळीस पूर्णांक नऊ.

सुखदेवने टिकमार्क केला नाही. आकडा लिहिला.

६

उतार बारा पावलांचा होता, सुखदेवने स्वतः बांधलेला, शेवटी दोन दिवे आणि वेळ दाखवणारी पाटी. अंतिम फेरीत दोन गाड्या उरल्या, उज्ज्वलची निळी, सात हातांच्या रंगाची, आणि मैत्रीची कोरी.

सुखदेवने खिटी काढली. गाड्या सुटल्या. उतारावर निळी नाकभर पुढे होती. सपाटीवर आली आणि तिथे कोऱ्या गाडीच्या मागच्या वजनाने आपलं काम केलं. तिचा वेग वाढला नाही, फक्त कमी झाला नाही. निळी जरा मंद झाली.

पाटीवर दोन आकडे आले. तीन पूर्णांक एक पाच. तीन पूर्णांक एक दोन. दुसरा मैत्रीचा.

उज्ज्वलने तिच्याशी हात मिळवला आणि विचारलं, जर्मनमध्येच, तीन तास की जास्त? मैत्रीने डोकं हलवलं. नाही सांगणार. फ्रँकफर्टनंतर.

खिरीत वेलदोडा दुप्पट होता. लोकांनी दोनदा घेतली. प्राची लेकीशेजारी बसली होती आणि तिने ओव्हनबद्दल जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं होतं, दोन वाक्यांत. मग तिने वही उघडून नववा प्रयोग पुन्हा वाचला, आणि चौदावाही वाचला, आणि वही मिटेपर्यंत तिचं खिरीकडे लक्षच नव्हतं. केतन दर दहा मिनिटांनी कुणाला तरी आसाची घासलेली बाजू दाखवत होता. आता त्याला मनाई नव्हती.

सुखदेव वही घेऊन अरुणाताईंकडे आला. "काकू, तपासणाऱ्याची सही राहिली. इथे. पुढच्या वर्षी दोन्ही रकान्यांत आकडे असतील."

त्यांनी सही केली, पूर्ण, खात्यात करायच्या तशी. शेजारी मैत्री येऊन उभी राहिली, गाडी हातात.

"आजी," ती म्हणाली, "तू वजनांना काय करायचीस? तपासल्यावर?"

"छाप मारायचे. पोलादी ठशाने, हातोडीचा एक ठोका. वर्ष आणि तिमाही. छाप असली की कुणी विचारायचं नाही."

मैत्रीने गाडी उलटी करून टेबलावर ठेवली. सुखदेवची पट्टी, निळी सही, आणि शेजारी रिकामं लाकूड. तिने खिशातून एक उरलेला खिळा काढला, पॉलिश केलेला, आसाचा.

अरुणाताईंनी चष्मा पुसला. शोभनाने स्वयंपाकघरातून मीठ कुटायचा लहान बत्ता आणून दिला. त्यांनी खिळ्याचं टोक लाकडावर टेकवलं आणि बत्त्याने हलके ठोके दिले, एकेक ठिपका, वर्षाचे शेवटचे दोन आकडे.

तिसऱ्या ठोक्यावर मैत्रीने त्यांचं मनगट धरलं. "थांब, आजी. याने वजन बदलेल?"

आजूबाजूला उभे असलेले इंजिनिअर हसायला लागले. अरुणाताई हसल्या नाहीत. प्रश्न बरोबर होता, आणि तो पहिल्यांदा विचारायला त्यांना स्वतःला नोकरीतली दोन वर्षं लागली होती.

"भोक पाडलं तर बदलतं. छाप लाकूड दाबते, काढत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मोजून बघ."

मैत्रीने गाडी काट्यावर ठेवली आणि वाकून बघितलं.

"एकशे एकोणचाळीस पूर्णांक नऊ," तिने मराठीत वाचलं, मोठ्याने, आणि सुखदेवची वही आपल्याकडे ओढून तो आकडा स्वतः लिहिला.